एक जागा, बारा महिने: निसर्गाचे फोटो काढायला शिकण्याची एक पद्धत

निसर्गाचे फोटो काढायला लागलेल्या माणसाचा पहिला खर्च लेन्सवर होतो आणि दुसरा प्रवासावर. माझंही तसंच झालं. एका दूरच्या सरोवराकाठी तीन दिवस राहिलो, आठशे फोटो घेऊन परतलो आणि त्यातला एकही भिंतीवर लावावासा वाटला नाही. तिथलं ऊन कुठून चढतं, धुकं किती वेळ टिकतं, बगळे कोणत्या काठाला उतरतात, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. जे समोर आलं ते टिपलं, एवढंच. त्यानंतर घरापासून पायी पंधरा मिनिटांवर असलेल्या एका अगदी साध्या तळ्यावर वर्षभर जात राहिलो. फोटोग्राफीतलं जे काही मला येतं, त्यातलं बहुतेक त्या तळ्यावर आलं. पुढची पद्धत त्यातूनच निघालेली आहे. कॅमेरा कोणताही चालेल, सुरुवातीला फोनही पुरेल.

जागा निवडा

निवडीची पहिली अट सुंदर दृश्य ही नव्हेच. सकाळी उठून आळस न करता जिथे पोचता येईल ती जागा चांगली. तळं, ओढा, माळ, झाडांची रांग, बागेचा दुर्लक्षित कोपरा, काहीही घ्या. फक्त तीन गोष्टी बघा: पूर्व किंवा पश्चिम क्षितिज थोडं तरी मोकळं हवं, पाणी किंवा ओलावा असेल तर उत्तम (तिथे पाखरं, कीटक, धुकं आणि प्रतिबिंबं आपोआप येतात), आणि पहाटे एकट्याने जायला ती सुरक्षित हवी.

छोट्या जागेत विषय संपतील अशी भीती वाटत असेल, तर विल्सन बेंटली आठवा. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा हा शेतकरी. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा त्याला वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. १९३१ मध्ये तो वारला, तोवर त्याने पाच हजारांहून जास्त हिमकण टिपले होते. विषय एकच आणि गावही तेच.

पहिल्या दोन फेऱ्या कॅमेऱ्याविना

हे ऐकून बहुतेक जण हसतात, पण करून बघा. कॅमेरा हातात असला की डोळे ‘फोटो’ शोधायला लागतात आणि प्रकाश बघायचा राहून जातो. एक फेरी सकाळी, एक संध्याकाळी. सोबत छोटी वही ठेवा. ऊन पहिल्यांदा कुठे पडतं, कोणतं झाड मागून उजळतं, वारा कितीला सुटतो, पाणी आरशासारखं कधीपर्यंत राहतं, हे लिहा. माझ्या तळ्यावर सूर्य वर आल्यावर साधारण पाऊण तासात वारा उठतो आणि प्रतिबिंबं मोडतात. ही एक ओळ वहीत नसती, तर मी अजूनही आठ वाजता ट्रायपॉड लावत बसलो असतो.

उन्हाचं घड्याळ

इथे जरा थांबू, कारण सगळं यावरच उभं आहे. प्रकाशाच्या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे. झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, कोवळं ऊन, टळटळीत ऊन, उन्हं कलणं, तिन्हीसांजा: हे शब्द म्हणजे फोटोग्राफरचं वेळापत्रकच.

झुंजुमुंजू होतं तेव्हा सूर्य क्षितिजाखाली असतो. तो सहा अंश खाली असल्यापासून उगवेपर्यंतच्या वेळेला नागरी संधिप्रकाश म्हणतात. या वेळेच्या सुरुवातीला आकाश गडद निळं असतं, सावल्या जवळजवळ नसतात आणि पाणी आकाशाचा रंग घेतं. हात स्थिर ठेवून फोटो घेण्याइतका प्रकाश नसतो, ट्रायपॉड लागतोच. पुढे तांबडं फुटतं, आणि सूर्य वर आल्यापासून सुमारे सहा अंश चढेपर्यंत कोवळं ऊन मिळतं. सूर्य खाली असतो तेव्हा किरणांना वातावरणाच्या जास्त लांब थरातून यावं लागतं. त्या वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस जास्त पोचतो. ऊन तिरपं असल्यामुळे गवताच्या पात्याचीही सावली पडते आणि जमिनीचा पोत उठून दिसतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे ही वेळ अर्ध्या तासाच्या आतच संपते. ध्रुवांकडे जावं तशी ती लांबत जाते.

अ‍ॅप न उघडता ऊन मोजायचं असेल तर स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. दुप्पट असेल तर साधारण २७ अंशांवर. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की मी मोठ्या दृश्यांचा नाद सोडतो. मावळतीला उलटा हिशोब: हात समोर ताणून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं ठेवा. एका बोटामागे ढोबळमानाने पंधरा मिनिटं उरलेली असतात. सूर्याकडे टक लावून बघू नका, आणि लांब लेन्समधून तर मुळीच नको.

टळटळीत ऊन वाया जातं असं मात्र समजू नका. तेव्हा झाडाखाली जा आणि वर बघा. मागून ऊन आलेलं पान आतून पेटल्यासारखं दिसतं, शिरा न् शिरा मोजता येतात. जमिनीवरचे कवडसे पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असल्या तरी कवडसे गोल असतात, कारण प्रत्येक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखं काम करते आणि खाली पडते ती सूर्याची प्रतिमा. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सावलीतल्या शेवाळावर पडलेला एकच कवडसा, बाकी सगळा काळोख, असा फोटो भर दुपारीच मिळतो.

मळभ दाटलं की नवखे लोक घरी जातात. खरं तर फुलं, शेवाळ, ओढे आणि गर्द झाडी यांच्यासाठी मळभासारखा प्रकाश नाही: सावल्या मऊ होतात, हिरवा रंग खुलतो. फक्त पांढरंफटक आकाश फ्रेममध्ये घेऊ नका, कॅमेरा खाली वळवा.

कॅमेऱ्याचं गणित, लागेल तेवढंच

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील) हे तीन नळ आहेत. एक बंद केला तेवढा दुसरा उघडायचा. प्रत्येक ‘स्टॉप’ म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. निसर्गचित्रासाठी एफ/८ ते एफ/११ वर सुरुवात करा (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं छिद्र लहान). ‘जास्त खोली हवी’, म्हणजे जवळचं-दूरचं सगळं स्पष्ट हवं, म्हणून एफ/२२ वर गेलात तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो) सगळंच किंचित मऊ पडतं. ट्रायपॉड असेल तर आयएसओ १०० ठेवा. हातात कॅमेरा असेल तर जुना नियम उपयोगी आहे: लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली) जेवढी, निदान तेवढा शटर स्पीड. २०० मिमी लेन्सला १/२०० सेकंद, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा लहान) असेल तर त्याच्या दीडपट वेगवान, १/३००. स्टॅबिलायझेशनमुळे (हाताची थरथर सावरणारी सोय) यात सूट मिळते, पण ती तुमच्या हाताला मिळते. वाऱ्यात डोलणाऱ्या फुलाला नाही.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर बिघडला किंवा त्याच्यावर भरवसा नसला, तर निरभ्र उन्हात एफ/१६ ठेवा आणि आयएसओ जेवढा त्याच्या व्यस्तात शटर: आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. एफ/८ हवं असेल तर दोन स्टॉप मोकळे झाले, म्हणून १/४००. पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्रासाठी हाच नियम एफ/११ पासून चालतो. चंद्रावर तर ऊनच पडलेलं असतं, हे एकदा लक्षात आलं की काळ्या आकाशात पांढरा ठिपका येण्याचं थांबतं.

मीटर कुठे फसतो हेही माहीत हवं. त्याला वाटतं की समोरचं जग सरासरी मध्यम करडं आहे. फ्रेमभर धुकं किंवा बर्फ असेल तर तो त्यालाही करडं करतो, म्हणून एक ते दीड स्टॉप वाढवा. उलट, काळ्या पाण्यावर छोटासा पांढरा बगळा असेल तर मीटर पाणी उजळवायला जातो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागात हरवतात. तिथे एक स्टॉप कमी करा. फोटो घेतल्यावर स्क्रीनच्या उजेडावर विसंबू नका, हिस्टोग्राम बघा (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं). आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तो तपशील रॉ फाइलमधूनही (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) बहुधा परत येत नाही. आणि हो, रॉ मध्येच काढा. मेमरी कार्ड स्वस्त आहे, ती सकाळ परत येत नाही.

फोनवाल्यांसाठी थोडक्यात: लेन्स पुसा (थट्टा नाही, निम्मे धुरकट फोटो बोटाच्या ठशामुळे असतात). विषयावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि प्रकाश तिथेच थांबेल, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. डिजिटल झूमपेक्षा दोन पावलं पुढे चाला.

पायांनी रचना

दुरून डोंगर साजरे ही म्हण डोळ्यांसाठी खरी आहे, कॅमेऱ्यासाठी फारशी नाही. नुसता दूरचा डोंगर फोटोत एका सपाट पट्टीसारखा येतो. त्याला खोली येते जवळच्या एखाद्या गोष्टीमुळे: ओला दगड, गवताचा झुपका, पाण्यावर वाकलेली फांदी. वाइड लेन्स (रुंद दृश्य घेणारी) लावून त्या दगडाजवळ, अगदी मीटरभरावर जा आणि खाली बसा. फोकस कुठे करायचा? सगळ्यात जवळच्या, स्पष्ट हव्या असलेल्या वस्तूच्या दुप्पट अंतरावर. दगड एक मीटरवर असेल तर दोन मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी आणि एफ/११ असेल तर दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

एक तृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवायचा) सगळे सांगतात, म्हणून मी सांगत नाही. त्यापेक्षा शटर दाबायच्या आधी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवा. कोपऱ्यातून घुसलेली काडी, अर्धं कापलेलं पान, वाकडं क्षितिज, हे सगळं तिथेच दिसतं. आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले फोटो मोजून बघा. माझ्या पहिल्या वर्षातले जवळपास सगळे तसेच होते. गुडघे मातीत टेकायला लागल्यावर फरक दिसला.

थांबून विचार करण्याची किंमत काय असते, हे अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या १० एप्रिल १९२७ च्या दिवसावरून कळतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या कड्यासमोर तो पोचला, तेव्हा त्याच्याकडे दोनच काचेच्या प्लेटा, म्हणजे दोनच फोटो, उरले होते. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली आणि लगेच जाणवलं की कडा पाहताना मनात जो दरारा दाटला, तो यात येणार नाही. दुसऱ्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि तो फोटो त्याच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. आपल्या कार्डात दोन हजार जागा असतात म्हणून दुसऱ्या प्लेटचा विचार आपण करतच नाही. महिन्यातून एक दिवस स्वतःला फक्त बारा फोटोंची मुभा द्या.

पाणी

वाहत्या पाण्याला १/१००० सेकंद दिलंत तर थेंब गोठतात. १/४ ते १/२ सेकंदात पाणी मऊ होतं पण त्याची दिशा आणि ताणे कळतात. दोन सेकंदांपुढे ते दूध होतं. मला हे दूध आताशा नकोसं झालंय, पण तुम्ही एकदा मन भरेपर्यंत करून घ्या. उजेडात एवढा वेळ शटर उघडं ठेवायला एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच) लागतो. सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पट कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचे साधारण दोन सेकंद होतात. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी तो काढून टाकतो, आणि हे काम नंतर संगणकावर नीट होत नाही. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात जास्त असतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात उघडा आणि मनगट फिरवा: अंगठा जिथे जिथे रोखला जाईल तो पट्टा. वाइड लेन्सवर मात्र अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकं येतं, तिथे तो काढून ठेवा. तो एक ते दोन स्टॉप प्रकाशही खातो.

जीवजंतू आणि पाखरं

दवाने भिजलेला चतुर पहाटे गारठलेला असतो, उडत नाही. जवळून टिपायची वेळ तीच. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणारी) एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराएवढा, काढताना एफ/११ वरही जेमतेम दीड मिलिमीटर खोली स्पष्ट येते. म्हणून कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरा आणि फोकस डोळ्यांवर ठेवा. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा स्वतः किंचित पुढे-मागे झुकणं सोपं जातं.

उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२००० सेकंद, कंटिन्युअस फोकस (हलत्या विषयामागे फोकस सरकत राहतो) आणि बर्स्ट मोड (सलग भराभर फोटो). बसलेल्याला १/२५० ते १/५०० चालतं. यंत्राच्या वेगापेक्षा उपयोगी पडते ती सवय: बरेच मोठे पक्षी उडण्याआधी हलके होतात, म्हणजे शिटतात, आणि वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून झेप घेतात. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर ते तुमच्याच दिशेने उडतील. वारा आणि सकाळचं ऊन दोन्ही पाठीशी असतील, ती सकाळ सोडू नका.

इथे माझं मत कडक आहे. पक्षी मान ताणून तुमच्याकडे बघायला लागला, खाणं थांबलं किंवा ओरडायला लागला, की तुम्ही जास्त जवळ आलात, मागे फिरा. घरट्यासमोरची पानं बाजूला करून फोटो काढू नका. आडोसा गेला की ऊन आणि भक्षक दोघांनाही वाट मोकळी होते. आमिष टाकून किंवा फोनवर आवाज वाजवून बोलावलेला पक्षी मी फोटो समजत नाही. दुर्मीळ जीव दिसला तर फोटो दाखवा, नेमकी जागा सांगू नका, आणि फाइलमधली जीपीएसची नोंद पुसायला विसरू नका.

चंद्र आणि चांदण्या

चंद्रोदय आणि भूदृश्य एकाच फोटोत हवं असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो आणि तो वर येईपर्यंत जमीन काळी पडते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून आदल्या दिवशी तो कलत्या उन्हातच वर आलेला असतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्राचा अ‍ॅडम्सचा फोटो अशाच उजेडातला. त्याला घाईत लाइट मीटर सापडेना, तेव्हा चंद्राच्या पृष्ठभागाचं तेज त्याला आकड्यात पाठ होतं, त्यावरून त्याने एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा) ठरवलं. दुसऱ्या फोटोची तयारी होईपर्यंत खालच्या स्मशानातल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. हा फोटो नेमका कधीचा, हे त्यालाही नीट आठवत नव्हतं. पुढे खगोल अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढली.

चांदण्यांसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र, सर्वात मोठं अ‍ॅपर्चर, आयएसओ ३२०० च्या आसपास. ५०० ला फोकल लांबीने भागा: २० मिमीला २५ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर मी त्यातलेही पाच-दहा सेकंद कमी करतो, नाहीतर ठिपक्यांच्या रेघा होतात. ऑटोफोकस अंधारात चाचपडत बसतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एखादा ठळक तारा मोठा करून हाताने फोकस करा आणि मग रिंगला हात लावू नका.

घरी आल्यावर

गार खोलीतून दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं. निघताना तो बंद पिशवीत ठेवा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या. परतल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवा आणि मगच कार्ड रिकामं करा. निवड त्याच दिवशी करू नका. चिखलात दोन तास बसून मिळवलेला फोटो त्या संध्याकाळी चांगलाच वाटतो. आठवड्याने बघा आणि फेरीमागे तीनच ठेवा. महिन्याच्या शेवटी एकाच जागेवरून, एकाच दिशेने घेतलेले फोटो शेजारी मांडा. त्यासाठी पहिल्या दिवशीच एक खूण ठरवून ठेवा. माझी खूण म्हणजे तळ्याच्या पायरीचा फुटका कोपरा. मार्चमध्ये तिथून तडकलेला चिखल दिसतो, ऑगस्टमध्ये ती पायरीच पाण्याखाली असते.

आणि झोपण्यापूर्वी कॅमेरा मूळ पदावर आणा: आयएसओ १००, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरवर आपण केलेली वाढ-घट) शून्य, फोकस ऑटो, बॅटरी चार्जरला. एकदा रात्रभर चांदण्या टिपून मी तसाच पहाटे तळ्यावर गेलो. त्या दिवशी वर्षातलं सर्वात दाट धुकं होतं, आणि ते सगळं मी आयएसओ ६४०० वर, फोकस ताऱ्यांवर अडकवून काढलं.